आमची मुक्कामी गाडी आणि ताईचं राहिलेलं वर्ष

माळावरची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी बारावीला आहे, आर्ट्स. इथं वाचत असते पण लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांगा. गाव माणदेशात आहे, नाव लिहीत नाही कारण ताई नको म्हणाली. दीडशे उंबऱ्यांचं गाव, चारी बाजूनं माळ, एक मारुतीचं देऊळ, त्याच्यासमोर पिंपळाचा पार आणि त्या पाराला वळसा घालून रोज रात्री सव्वाआठला एसटी येऊन उभी राहते. मुक्कामी गाडी. सकाळी सहा दहाला तीच गाडी आम्हाला घेऊन तालुक्याला जाते.

मला माझ्या रोजच्या दिवसाबद्दल लिहायचं होतं आणि लिहायला बसले तर लक्षात आलं की माझा अख्खा दिवस त्या गाडीभोवतीच फिरतो. पहाटे साडेपाचला ड्रायव्हर काका गाडी चालू करून ठेवतात, थंडीत तर आणखी लवकर. तो घरघर आवाज आला की आजी म्हणते "उठ गं, यष्टी जागी झाली." मग आई चुलीवर तवा टाकते, भाकरीचा थापायचा आवाज आणि गाडीचा आवाज दोन्ही एकदमच येतात, मला आता एक ऐकला की दुसरा आपोआप ऐकू येतो.

सहाला पारावर गेलं की आधी डबे. ज्यांची पोरं तालुक्याला खोली करून शिकतात त्यांच्या आया डबे घेऊन उभ्या असतात, फडक्यात बांधलेले, वर चिठ्ठी. ड्रायव्हर काका ते सगळे आतल्या बॉनेटवर रांगेत ठेवतात, इंजिनाच्या उष्णतेनं तिथं पोचेपर्यंत भाजी गरम राहते. तिकडं स्टँडवर पोरं वाट बघत असतात. एखाद्या दिवशी कुणाचा डबा आला नाही की कंडक्टर काका स्वतः विचारतात, तुझी आई बरी आहे ना.

अंतर चोवीस किलोमीटर पण तीन वस्त्या घेत जाते त्यामुळं तास लागतो. डाव्या बाजूची चौथी सीट आम्हा चौघींची. मी इतिहासाच्या सगळ्या सनावळ्या त्या सीटवर पाठ केल्यात. दुपारी दीडला परत यायची एक फेरी आहे, ती चुकली की थेट संध्याकाळी सातची मुक्कामी, मग साडेपाच तास स्टँडवर. मी त्या स्टँडवर खूप माणसं बघितलीत. एकदा एक धनगर आजोबा लहान कोकरू पोत्यात घालून मांडीवर घेऊन बसले होते, ते आजारी होतं आणि डॉक्टरला दाखवून आणलं होतं. मला म्हणाले जरा धर, मी तंबाखू मळतो. मी धरलं. त्याचं काळीज माझ्या तळहातावर टकटक वाजत होतं. तो दिवस मी कधीच विसरणार नाही, का ते मला सांगता येत नाही.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. मधी आमची गाडी बंद होती, दीड वर्षाहून जास्त.

मी तेव्हा आठवीत होते आणि ताई अकरावीला. कोरोनात ताईची दहावीची परीक्षाच झाली नाही, २०२१ ची बॅच ती, नुसते मार्क देऊन पास केलं. ऑनलाइन तास ऐकायला आम्ही दोघी टेकडीवर जाऊन बसायचो कारण खाली रेंज नाही, एक मोबाईल, एक तास तिचा एक तास माझा. मग ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या, ताईनं नवीन ड्रेस शिवला, पास काढला, आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला. मुक्कामी बंद. माझी शाळा शेजारच्या गावात, पाच किलोमीटर, आम्ही पोरी चालत जायचो माळावरनं, जाताना सव्वा तास येताना सव्वा तास. पण चोवीस किलोमीटर कोण चालणार? वडाप होतं पण जायचे चाळीस यायचे चाळीस, आणि सकाळी जीप भरल्याशिवाय हलायची नाही, संध्याकाळी परत मिळेल याची खात्री नाही. पप्पांनी पहिले पंधरा दिवस पैसे दिले. मग एकदा ताईला यायला रात्रीचे साडेनऊ झाले, जीपमधी ती एकटीच पोरगी होती. काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून तिचं कॉलेज बंद.

ताई भांडली नाही. तिनं पास कपाटात ठेवला आणि रानात जायला लागली. तो पास अजून आहे, त्याच्यावर तिचा दोन वेण्यांचा फोटो आहे.

एप्रिलमधी संप मिटला पण आमची गाडी काही आली नाही. भारमान नाही, म्हणजे गाडी भरण्याएवढी माणसं नाहीत, आणि ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपायची सोय नाही असं उत्तर मिळायचं. ते खोटं नव्हतं, आधी ते बिचारे देवळात नाहीतर गाडीतच झोपायचे, डास, थंडी, सकाळी जायला संडास नाही. मी नववीत असताना आम्ही सात पोरींनी एक वही केली आणि पंधरा दिवस पहाटे पारावर उभं राहून लिहिलं की वडापनं आणि गाड्यांवरनं रोज किती माणसं तालुक्याला जातात. सरासरी एकेचाळीस निघाली. २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत ती वही मी वाचून दाखवली. माझे पाय लटलट कापत होते. कुणीतरी मागनं म्हणालं पोरीबाळींनी कशाला बोलायचं, तेव्हा माझी आजी उभी राहिली.

आजी ७२ च्या दुष्काळात त्याच रस्त्याच्या कामावर होती. खडी फोडलेली, पप्पा तेव्हा पाळण्यातले, त्यांना बाभळीला झोळी बांधून झोपवायची, खायला सुकडी मिळायची. ती म्हणाली, "ह्यो रस्ता आमी हातानं केलाय. त्याच्यावरनं यष्टी येत नसंल तर मग कशापायी केला?" सभा गप्प झाली. ठराव झाला. बालवाडीची जुनी खोली रिकामी केली, आम्ही पोरींनी चुना मारला, दोन खाटा आल्या, पंखा आला, ग्रामपंचायतीनं मागं संडास-बाथरूम बांधलं.

१५ जून २०२३, रात्री सव्वाआठ. वळणावर दिवे दिसले आणि अख्खं गाव पारावर. नारळ फोडला, हार घातला, ड्रायव्हर काकांना बायकांनी ओवाळलं, ते रडत होते. मी ताईकडं बघितलं. ती मागं भिंतीला टेकून उभी होती, हात बांधून, आणि गाडीच्या पाटीकडं बघत होती.

तुमच्या गावात मुक्कामी गाडी होती का? असेल तर लिहा ना.

---

बोरीखालची_अंगत

बाळा, किती मनापासून लिहिलंयस. डबे वाचून मी थांबलेच. १९८९ ते ९१ मी अशाच डब्यावर शिकले, बार्शीला खोलीत चौघी राहायचो. आईला लिहिता येत नव्हतं म्हणून चिठ्ठीऐवजी ती फडक्याला गाठ मारायची, एक गाठ म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे रविवारी घरी ये. एकदा तीन गाठी आल्या. मला अर्थच कळेना, कंडक्टरला विचारलं तर ते म्हणाले म्हैस व्यालीय तुमची, खरवस आहे आत, तिनं मुद्दाम सांगायला सांगितलंय. आई जाऊन अकरा वर्षं झाली, ते फडकं माझ्याकडं आहे.

---

कोईमतूरवाला

मी आटपाडीकडचा, सध्या कोईमतूरला, गलाईचं काम, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या खानापूर आटपाडी खटाव माण ह्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या ह्या धंद्यात देशभर पसरलीत, केरळात जा, आसामात जा, सराफ पेठेत एखादं तरी आमच्याकडचं दुकान असतंच. आमच्याकडं दहावी झाली की पोरगं गलाईला. मी सोळा वर्षांचा होतो, पहाटेची मुक्कामी, वडील पुढं बसले, मी खिडकीला, आई शिदोरी द्यायला आली आणि गडबडीत शिदोरी तिच्याच हातात राहिली, गाडी सुटली, वेशीपर्यंत ती पळत आली आणि कंडक्टरनं सिंगल बेल मारून गाडी थांबवली, उतरून स्वतः शिदोरी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली आणि काहीच बोलला नाही, पुढं मिरजेला रेल्वेत बसेपर्यंत मी ती उघडली नाही.

बत्तीस वर्षं झाली. तू लिहिलेलं इंजिन चालू करायचं ते घरघर वाचलं आणि मला आईचा चेहरा दिसला. जत्रेला दरवर्षी येतो, आता चारचाकीनं येतो, पण तालुक्यापासून गावापर्यंत एकदा तरी एसटीनं जातो.

---

निवृत्त_चालक

ताई, मी सव्वीस वर्षं गाडी चालवली. मुक्कामी का असते ते थोडं सांगतो कारण नवीन पोरांना माहीत नसतं. खेड्यातल्या माणसाला सकाळी तालुक्याला यायचं असतं आणि संध्याकाळी परत जायचं असतं. गाडी रात्री डेपोला परत आणली तर ती रिकामी येणार आणि पहाटे परत रिकामी जाणार, डिझेल फुकट, आणि माणसाची झोप फुकट. त्यापेक्षा गाडी गावातच झोपवली की दोन्ही फेऱ्या भरून मिळतात. म्हणून मुक्काम. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-नगर धावली, दरवर्षी १ जूनला आम्ही डेपोत गाड्यांना हार घालायचो, पण माझ्या मनात खरी एसटी म्हणजे मुक्कामीच.

आमच्यासाठी मुक्काम म्हणजे काय होतं तेही लिहितो. गाव चांगलं असेल तर घरटी पाळीनं भाकरी यायची. कंडक्टर कॅशची पिशवी उशाला घेऊन झोपायचा, म्हणजे झोपायचा नाहीच. मी एका गावात पाच वर्षं मधूनमधून मुक्कामाला असायचो, तिथल्या एका बाईची अडलेल्या बाळंतपणाची केस रात्री एकला त्याच गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेली, परवानगी नंतर घेतली, मेमो मिळाला, उत्तर दिलं. तो मुलगा आता पोलिसात आहे. तुम्ही पोरींनी खोलीला चुना मारला हे वाचून मला फार बरं वाटलं. खाटेवर झोपलेला ड्रायव्हर सकाळी चांगली गाडी चालवतो.

---

सरळ_बोलतो

चांगलं लिहिलंय पण एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. संपात गावं जगवली ती वडापवाल्यांनी. माझा भाऊ जीप चालवायचा, कर्ज काढून घेतलेली, त्यानं संपात कितीतरी पेशंट फुकट नेलेत. एसटी परत आली की सगळे हार घालतात आणि वडापवाल्याचा धंदा बुडतो त्याचं कुणाला काही नाही. दुसरं म्हणजे वीस माणसांसाठी मोठी बस चोवीस किमी पळवणं परवडतं का? मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेच्या गाड्या आहेत, सायकली दिल्या जातात, मुलींना बारावीपर्यंत पास फुकट, बायकांना अर्धं तिकीट, हे सगळं शेवटी कुणीतरी भरतंच की.

---

माळावरची_पोर

@सरळ_बोलतो दादा, राग अजिबात नाही. तुमच्या भावाबद्दल वाचून मला आमच्या वडापवाल्या काकांची आठवण आली, त्यांनीच ताईला त्या रात्री घरापर्यंत सोडलं होतं, स्टॉपवर नाही, घरापर्यंत. ते मी आधी लिहायला पाहिजे होतं, राहिलं. त्यांची जीप आता दूध आणि डाळिंबाच्या पेट्या नेते, मुक्कामीच्या वेळेला ते पाळी लावत नाहीत, दहा वाजता लावतात, तेव्हा त्यांना माणसं मिळतात.

पण परवडतं का ह्याचं उत्तर मी एवढंच देऊ शकते की आमच्या वर्गात माझ्या गावच्या सहा पोरी आहेत, आणि गाडी नव्हती त्या वर्षी अकरावीला एकही गेली नव्हती. एकही नाही. पोरं गेली, गाडीवर ट्रिपल सीट. फुकट पास घरात असून काय उपयोग, तो दाखवायचा कुणाला? आणि अर्ध्या तिकिटाचं म्हणाल तर मार्च २०२३ ला ते सुरू झालं त्याआधी आई तालुक्याला वर्षातनं दोनदा जायची, बियाणं आणि दिवाळी. आता ती बचत गटाच्या मीटिंगला जाते, बँकेत स्वतः सही करते. आजी पंचाहत्तरच्या वर, तिला तर तिकीटच नाही, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यामुळंच झालं. ऑपरेशननंतर परत येताना ती खिडकीतनं बघत मला सांगत होती, हितं मी खडी फोडली, त्या लिंबापाशी पाणी मिळायचं, हितं झोळी बांधलेली. मी रोज त्या लिंबावरनं जाते आणि मला माहीतच नव्हतं.

---

पाटी_वाचणारी

मी पण बारावीलाच आहे, सायन्स, पण शहरात. आमच्याकडं दर दहा मिनिटाला बस येते आणि मी तरी कधीकधी क्लास बुडवते कारण कंटाळा येतो. तुझं वाचून रात्री झोप नाही लागली. तुझी ताई आता काय करते, ते सांगशील का? सांगायचं नसेल तर राहू दे.

---

कंडक्टरची_लेक

हे लिहू का नको असा दोन दिवस विचार केला. माझे पप्पा कंडक्टर आहेत. ते संपात होते.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालं, दिवाळी तोंडावर होती. पगार एवढा कमी आणि तोही वेळेवर नाही, आई दुकानदाराच्या समोरनं जायची बंद झाली होती. मागणी होती विलीनीकरणाची, की आम्हाला शासनाचे कर्मचारी समजा. त्या काळात एसटीतल्या काही जणांनी जीव दिला, पप्पांच्या ओळखीतलेही एक होते. पप्पा रात्री अंगणात फेऱ्या मारायचे आणि आई दार उघडं ठेवून जागी असायची, ती का जागी असायची हे मला तेव्हा कळत होतं पण मी कुणाला बोलले नाही. मी दहावीत होते. पप्पा निलंबित होते, पगार बंद, त्यांनी वीटभट्टीवर काम केलं, ज्या माणसाचे युनिफॉर्मचे बटण आई रोज घासून चकचकीत करायची तो माणूस विटा वाहत होता. शेवटी हायकोर्टानं २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा सांगितलं आणि ते गेले. विलीनीकरण झालं नाही. पगार थोडे वाढले.

आम्हाला तेव्हा शेजारी बोलायचे, तुमच्यामुळं पोरांची शाळा बुडते. मी मनात म्हणायचे की आमची पण बुडतेय. पण एवढ्या वर्षांत मी अशी कुणाला भेटले नव्हते जिची खरंच बुडाली. तुझ्या ताईचं वाचलं आणि पप्पांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारलं, ती पोरगी पुढं शिकली का?

माळावरची_पोर, मला माफी मागायची आहे का ते माहीत नाही. पप्पांनी चूक केली असं मला वाटत नाही. पण तुझ्या ताईला सांग की आमच्या घरात तिच्याबद्दल बोलणं झालं.

---

निवृत्त_चालक

बेटा, बरं केलंस लिहिलंस.

---

बोरीखालची_अंगत

दोघीही लेकरांनो, जवळ असता तर डोक्यावरनं हात फिरवला असता.

---

माळावरची_पोर

उशीर झाला, रेंज नव्हती आणि सराव परीक्षा चालू आहे.

मी ताईला सगळा धागा वाचून दाखवला, ती हरभरा खुरपत होती आणि मी बांधावर बसून वाचत होते. कंडक्टरच्या लेकीचं आलं तेव्हा तिनं खुरपं खाली ठेवलं. नंतर मला म्हणाली लिही, मी सांगते तसं लिही, मधी तुझं घालू नको. म्हणून आता पुढचं तिचं आहे.

"मला राग होता. खोटं नाही बोलणार. गाडी दिसली की मी घरात जायची, वर्षभर. १५ जूनला सगळे नाचत होते तेव्हा मला वाटलं आता कशाला आलीस. पण तुमच्या पप्पांवर नव्हता, मला माहीतच नव्हतं की तिकडं पण कुणाच्या घरी असं चाललंय, आम्हाला वाटायचं एसटी म्हणजे एसटी. माझी मैत्रीण होती तिचं त्याच वर्षी लग्न झालं, तिला आता दोन मुलं आहेत, ती शिकली नाही. माझं पण बघायला लागले होते. आजीनं लावून दिलं नाही.

मग एका सरांनी सांगितलं की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं बारावी देता येते. दिवसा रान, रात्री पुस्तक. २०२४ ला मी बारावी झाले, ६८ टक्के. आता बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भूगोल घेतलाय. रोज ह्याच गाडीनं जाते. माझा पास फुकट नाही, बारावीपर्यंतच असतो तो, मला तिसरा हिस्सा भरावा लागतो, ते मी शिलाईच्या पैशातनं भरते. पप्पांना सांगा पोरगी शिकतेय. आणि तुम्ही दहावीत होता म्हणालात, तुमचं पुढं काय झालं ते लिहा."

एवढंच सांगितलं तिनं. मग परत खुरपायला लागली.

---

कंडक्टरची_लेक

पप्पांना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेऊन स्वतः वाचलं, दोनदा.

मी जीएनएमला आहे, नर्सिंग, दुसरं वर्ष. होस्टेलला राहते. आईचा डबा बुधवारी आणि शनिवारी गाडीनं येतो, बॉनेटवर ठेवून.

---

माळावरची_पोर

ताई विचारतेय की तुला शेंगदाण्याची चटणी चालते का, ह्या वर्षीच्या शेंगा चांगल्या आल्यात. तुमचा डेपो कुठला ते व्यक्तिगत निरोपात कळव. आमची सहा दहाची गाडी तालुक्याला सव्वासातला लागते, तिथनं पुढची कुठलीही धरता येईल.

मी आता झोपते, साडेपाचला उठायचंय.